खिशातली मूठ कुणी पाहिली?

पँटचा खिसा उलटा करून बघायचा हक्क जगात दोघांनाच. एक बायकोला, दुसरा शिंप्याला. बायको चिठ्ठी शोधते, शिंपी भोक शोधतो. मी आयुष्याची चांगली वर्षं शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या एका ड्रायक्लीनरच्या मागच्या खोलीत बसून परक्या पुरुषांचे खिसे उलटे केले, आणि आमच्या ह्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही. उलट संध्याकाळी विचारायचे, "काय गं, आज काय सापडलं?"

आपल्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "मावशी, तुमच्या करिअरचा प्रवास लिहा." अगं, प्रवास कसला! घरापासून दुकान दोन सिग्नल. बर्फ असला तर तेवढंही काशीइतकं लांब वाटायचं, पण म्हणून त्याला प्रवास म्हणायचं का? तेव्हा ते राहू दे. मी खिशांबद्दल लिहिते. त्यातून एका म्हणीबद्दल, आणि त्यातून आपल्या मिलिंदबद्दल. त्याला विचारूनच लिहिते आहे, काळजी नको.

आधी थोडं माझं. मी शिवण कुठल्या क्लासात शिकले नाही. मी उसवून शिकले. वर्ध्याला आमच्या वस्तीत शिवणयंत्र एकच, आणि ते शेजारच्या काकूंचं. त्या हात लावू देत नसत. मग मी बाबांचा जुना रेल्वेचा युनिफॉर्म घ्यायचे, टाका टाका उसवायचे आणि परत हातानं शिवायचे. कपडा कसा उभा राहतो ते तो मोडल्यावर कळतं. पुढे लग्न झालं, ह्यांना इथल्या मशीनच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि मी त्या उसवण्याच्या जोरावर अमेरिकेत कामाला लागले.

दुकान रांगेतलं शेवटचं. शेजारी डोनटवाला, त्याच्या शेजारी दातांचा डॉक्टर. एक किडवायचा, दुसरा काढायचा, दोघांचंही बरं चाललं होतं. आमची मालकीण इन्ग्रिड. आईबाप स्वीडनचे, जन्म शिकागोचा, नवरा वारलेला, आवाज पोलिसांच्या गाडीसारखा. सुलोचना म्हणताना तिची जीभ दमायची, म्हणून मी 'सू' झाले. भर गिऱ्हाइकांत ती "सू! सू!" करून ओरडायची. मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते मी तिला सांगितलं नाही, आणि सांगणाऱ्या सगळ्यांना तंबी देऊन ठेवली.

तिचा एक नियम होता, तो इथंच सांगून ठेवते, कारण पुढे तोच उपयोगी पडला. त्या वर्षांत पुण्या-मुंबई-नागपूरची कम्प्युटरवाली पोरं शॉमबर्गमध्ये लोंढ्यानं येत होती. ती दुकानात आली की मी मराठीत गप्पा मारणार, आम्ही हसणार, आणि इन्ग्रिड इस्त्रीमागून डोळे बारीक करून बघणार. शेवटी एक दिवस तिनं फर्मान काढलं. "तुमच्या भाषेत वाट्टेल तेवढं बोला. पण हसलात, तर मला भाषांतर करून सांगायचं. माझ्या दुकानात कुणी कुणाच्या डोक्यावरून हसायचं नाही." तेव्हापासून प्रत्येक विनोदाचं भाषांतर. आणि तुम्हाला सांगते, भाषांतर केल्यावर निम्मे विनोद मरतात. जे मरतात त्यातले बरेचसे मरायच्याच लायकीचे असतात.

आता धंद्यातलं थोडं. दुकानात नवा सूट घेतला की कोटाचे खिसे कच्च्या टाक्यांनी बंद शिवलेले येतात, मागच्या चिरेवर फुलीचा टाका असतो आणि बाहीवर कंपनीची पट्टी. हे सगळं नुसतं कपडा नीट राहावा म्हणून. घरी आणून उसवायचं असतं. आपल्या पोरांना हे कोण सांगणार? पोरं फुलीसकट, पट्टीसकट ऑफिसला! एक जण तर वर्षभर कोटाचा खिसा खोटा आहे असं समजून पेन तोंडात धरून हिंडला. मी दिसेल त्याला काउंटरवरच उभं करायचे, "वळ," आणि कात्रीनं फुली काढायची. किती जणांच्या पाठीवरची फुली मी काढली असेल! त्यांच्या आयांनी मला साड्या पाठवायला हव्या होत्या.

आणि खिसे. पँटच्या खिशाची आतली थैली पातळ कापडाची असते. ती तीन तऱ्हांनी फाटते. किल्ल्या ठेवणाऱ्याचा खिसा तळाच्या कोपऱ्यात फाटतो, छोटं गोल भोक. चिल्लर ठेवणाऱ्याचा तळ लांबच लांब झिजतो, विरतो. पण काही खिसे फाटतात ते शिवणीवर, बाजूनं, टरकन, आणि तोंडाशीही टाके तुटलेले. म्हणजे हात आत जाताना एवढासा, आणि आत गेल्यावर मोठा होतो. हात मोठा कधी होतो? मूठ वळल्यावर.

हे मला कळल्यावर मी फार शेफारले. पँट बघून माणूस सांगायला लागले. जॉर्ज नावाचं एक गिऱ्हाईक होतं, गोरा, गुलाबी, नेहमी हसणारा. त्याचा उजवा खिसा दर महिन्याला बाजूनं फाटायचा. मी ठरवूनच टाकलं की बिचाऱ्याला घरी सुख नाही. त्याची बायको दुकानात आली की मी तिच्याशी तुटक बोलायचे. थंडीचे सगळे महिने त्या बाईनं माझा फणकारा सोसला. मग एक दिवस जॉर्जनं काउंटरवर खिसा रिकामा केला, तर आतून रबरी चेंडू निघाला. मनगट मोडलं होतं, डॉक्टरनं दिवसभर चेंडू दाबायला सांगितला होता! इन्ग्रिड इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. तेव्हापासून मी निदान करायचं जरा कमी केलं. पूर्ण बंद नाही, कमी.

मिलिंद आला तो त्यानंतर. नागपूरचा, हडकुळा, चष्मा, बोलायला मऊ. दारातून "जयभीम मावशी" म्हणाला तेव्हाच तो माझा झाला. बायको प्रज्ञा, तिला दिवस गेलेले. वर्क व्हिसावर आलेला, कंपनी त्याच्या ग्रीन कार्डाचे कागद करत होती. म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: अशा वेळी नोकरी गेली की कागद गेले, आणि कागद गेले की बिस्तरा गुंडाळा. साहेबाची मर्जी म्हणजे घराचं छप्पर.

मिलिंदचा उजवा खिसा फाटलेला. बाजूनं. मी शिवला. पंधरवड्यात परत. मी दुहेरी टीप मारली. परत. मी थैलीच बदलली, जाड ड्रिलची घातली, तंबूचं कापड म्हणा ना. तीही उसवून आला.

"काय रे बाबा," मी म्हटलं, "चेंडू ठेवतोस का?"

"कसला चेंडू मावशी?"

"मग काय आहे खिशात?"

"काही नाही. हात असतो."

बोलला तेवढंच. पण चहा दिला की माणूस उसवतो. हळूहळू सगळं निघालं. त्याच्या वरचा साहेब आपलाच, मराठी. नाव लिहीत नाही. तो पट्ट्याऐवजी खांद्यावरून गॅलिस लावायचा, म्हणून आमच्या दुकानात तो गॅलिससाहेब. हो, आमचंच गिऱ्हाईक! मिलिंद आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं गोडीगोडीत चौकशी केली. गाव कुठलं, गावातली वस्ती कुठली, बारावीला किती टक्के. उत्तरं जुळवली आणि तेव्हापासून सुरू झाला. सगळं मराठीत, आणि सगळं हसत. भर मीटिंगमध्ये, चार अमेरिकन बसलेले असताना, "मिलिंदा, इथं राखीव जागा नाही हं, कोड स्वतः लिहावा लागतो." अमेरिकन बघणार, दोन इंडियन आपल्या भाषेत मजेत बोलतायत, मग तेही हसणार. मिलिंदच्या अंगावर पाच जणांचं हसू, आणि त्यातल्या चौघांना आपण कशाला हसतोय तेच माहीत नाही.

"मग तू काय करतोस?"

"काय करून राहणार मावशी? प्रज्ञाला दिवस गेलेत. मी पण हसतो."

हसायचा, आणि खिशात हात घालायचा.

मी हे इन्ग्रिडला सांगितलं, कारण आम्ही हसलो नव्हतो तरी तिला भाषांतर हवंच होतं. तिनं ती पँट हातात घेतली, फाटलेल्या शिवणीतून बोटं बाहेर काढून हलवली आणि म्हणाली, "क्न्यूता नेवेन ई फिक्कान." मला वाटलं शिंकली. मग तिनं सांगितलं, ही आमची स्वीडिश म्हण आहे. खिशात मूठ वळणे. राग येतो, पण दाखवता येत नाही, अशा माणसाला म्हणतात.

मी थक्क! इथून हजारो मैलांवरच्या, बर्फात राहणाऱ्या, उकडलेले बटाटे खाणाऱ्या लोकांना माझ्या मिलिंदची पँट कशी ठाऊक?

बघा, आपल्याकडे दाबलेला राग सगळा तोंडात असतो. मूग गिळायचे, दातओठ खायचे, आवंढा गिळायचा, जीभ चावायची. राग म्हणजे जणू फराळच. मी यावर फार विचार केला आणि मला कारणही सापडलं. आपल्या माणसाकडे मूग होते, खिसा कुठं होता? धोतराला खिसा नाही, लंगोटीला नाही, लुगड्याला नाही. राग ठेवायला शेवटी पोटच.

पण मग या लोकांनी तो खिशात कधीपासून ठेवला? मी इन्ग्रिडला विचारलं आणि पस्तावले. कारण त्यावरून तिचं आणि तिच्या दिराचं जे जुंपलं, ते तो मरेपर्यंत मिटलं नाही. दीर एरिक, निवृत्त सुतार, रोज सकाळी फुकटची कॉफी प्यायला यायचा.

इन्ग्रिडचं म्हणणं असं की हे जमीनदारांच्या काळातलं. जमीनदार समोरून आला की कुळानं टोपी काढून वाकायचं. एका हातात टोपी. मग दुसरा हात काय करणार? खिशात जाऊन मूठ वळणार. तिच्या आजोबांचे आजोबा असेच करायचे म्हणे.

"तू पाहिलंस?" एरिक म्हणाला.

"तसं नव्हतं, हे तू पाहिलंस का?" इन्ग्रिड म्हणाली.

एरिकचं म्हणणं, टोपी-बिपी काही नाही, थंडी! थंड देशात हात खिशातच असतात. राग आला की असेल तिथंच मूठ वळते. बाहेर काढून कोण गारठवणार? वर तो म्हणाला की म्हण मुळात आपली नाहीच, जर्मन पण हेच म्हणतात, फिनलंडवाले पण म्हणतात. झालं! इन्ग्रिड कडाडली, "फिनलंडवाल्यांनी आमच्याकडून चोरली!" वहिनीनं दिराच्या हातातला कॉफीचा कप काढून घेतला. म्हणीपायी माणसाची कॉफी गेलेली मी पाहिली आहे.

मी लायब्ररीतही जाऊन आले. तिथल्या बाईनं जाडजूड कोश काढून दिला. त्यात अर्थ होता. उगम नव्हता.

मग मीच उगम लावला. यंत्रावर बसल्या बसल्या सुचला. मी दोघांना म्हटलं, "तुम्ही टोपीचं सांगता, थंडीचं सांगता, ते ठीक. पण मला एक सांगा, खिशातली मूठ कुणी पाहिली? खिशात आहे म्हणूनच तर ती दिसत नाही! जमीनदाराला दिसली असती तर त्यानं कुळाला झोडपलं असतं. कुळ स्वतः सांगणार नाही. मग ही गोष्ट जगाला कळली कशी?"

एरिकनं कान खाजवला.

"जिनं खिसा शिवायला घेतला, तिला कळली," मी म्हटलं. "बायको असेल, आई असेल, शिंपीण असेल. दिव्याशी बसून खिसा उलटा केला, बघते तर शिवण बाजूनं उसवलेली. शेजारणीला म्हणाली असेल, 'आमचे हे आज पुन्हा खिशात मूठ वळून आले.' तिथं म्हण झाली."

एरिक म्हणाला, "पुरावा काय?"

मी मिलिंदची पँट त्याच्या पुढ्यात टाकली. त्याला ते पटलं नाही, पण त्यानं कॉफी परत मागितली, आणि इन्ग्रिडनं दिली.

या सगळ्यात गॅलिससाहेबाच्या पँटीही माझ्याकडेच यायच्या. मी त्यांचे खिसे मुद्दाम उलटून बघायचे. काय सांगू, कोरे! दुकानातून आणल्यासारखे. ज्याला राग आवरावाच लागत नाही त्याच्या खिशाला काय होणार? एकदा त्याच्या भारी लोकरी पँटची कंबर सारखी करायला माझ्या हातात कात्री होती. इन्ग्रिड मागून येऊन म्हणाली, "दर खेपेला पाव इंच आत घे. त्याला वाटेल आपण सुटतोय." मी नाही म्हटलं. टाका खोटा घालायचा नाही, मग कपडा कुणाच्याही अंगात जाऊ दे. मी नाही केलं. मात्र लोकर वाफेनं आक्रसते, आणि वाफेची इस्त्री इन्ग्रिडच्या हातात होती. पुढचं मला ठाऊक नाही. मिलिंद एवढंच म्हणाला की साहेब हल्ली दुपारी नुसता पाला खातात.

मग तो सूट आला. मोठ्या गिऱ्हाइकासमोर काम दाखवायचं होतं. दोन हजार साल येणार म्हणून जुने प्रोग्रॅम गडबडणार होते, आणि त्या गिऱ्हाइकाच्या प्रोग्रॅममधली सगळ्यात अवघड गाठ मिलिंदनं शोधली होती. त्यासाठी त्यानं पहिला सूट घेतला. मी फुली काढली, बाहीची पट्टी काढली आणि कोटाचे खिसे उसवायला कात्री लावणार, तेवढ्यात तो म्हणाला, "राहू द्या मावशी. खिसे तसेच राहू द्या. आणि पँटचे पण शिवून टाका."

"पँटचे? अरे रुमाल कुठं ठेवशील?"

"नको रुमाल. साहेब म्हणाले, क्लायंटसमोर खिशात हात घालून उभा राहू नको, गावंढळ दिसतं. पण माझा हात आपोआपच जातो ना! तुम्ही शिवूनच टाका."

"मिलिंद, हात जाईल कुठं मग?"

"कुठंच नाही जाणार. एक तासाचा तर प्रश्न आहे."

मला ते बरोबर वाटेना. झाकणाला भोक नसलेल्या कुकरसारखं वाटलं. पण गिऱ्हाईक सांगेल ते शिवायचं. मी बारीक, घट्ट टाक्यांनी दोन्ही खिसे बंद केले. वरून रेघसुद्धा दिसत नव्हती.

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, सूट हातावर घेऊन. चेहरा पांढरा. काउंटरला धरून उभा राहिला आणि मराठीत सुरू झाला. इन्ग्रिड मागून ओरडली, "इंग्लिश!"

"आम्ही हसत नाही आहोत," मी म्हटलं.

"तरीपण."

मग त्यानं इंग्रजीत सांगितलं, मध्येच मराठीत घसरत. गिऱ्हाइकाकडून एक मोठ्या हुद्द्याची बाई आली होती. तिनं विचारलं, ही गाठ कुणी शोधली? गॅलिससाहेब म्हणाला, टीमनं. आणि मान मिलिंदकडे वळवून, तोंड भरून हसत, मराठीत म्हणाला, "बघ, इथं कोटा नसूनसुद्धा तुला खुर्ची मिळाली की नाही?" टेबलाभोवतीचे सगळे सवयीनं हसले. ती बाईसुद्धा हसली.

"मावशी, माझा हात गेला खिशाकडे. गेला तर आत जाईना! शिवणीवरून नुसता घसरून राहिला. एकदा, दोनदा. हाताला काय करावं समजेना. मग वर आला आणि टेबलावर बसला. मूठ होती. मूठ सगळ्यांना दिसली. म्हणून मी ती उघडली."

"मग?"

"मग त्या बाईला वाटलं मला बोलायचंय! हात टेबलावर ठेवला ना मी. म्हणाली, 'यस? प्लीज, गो अहेड.' सगळे माझ्याकडे बघून राहिले. आणि मला..." तो इन्ग्रिडकडे वळला, "मला तुमचा नियम आठवला. हसलात तर भाषांतर."

इन्ग्रिडनं इस्त्री उभी ठेवली.

"मी म्हटलं, 'माझे मॅनेजर आत्ता मराठीत काही बोलले. तुम्ही हसलात, म्हणून मी भाषांतर करून सांगतो, म्हणजे कशाला हसलात ते तुम्हाला कळेल.' आणि सांगितलं. शब्दाला शब्द. आवाज पण चढवला नाही. त्यांनी विचारलं कोटा म्हणजे काय. मग ते सांगितलं. मग आम्ही कोण ते सांगितलं. आधीचे विनोद पण सांगितले, आठवतील तसे."

"आणि तो?"

"गॅलिस ओढून राहिला होता. मग म्हणाला, 'इट वॉज अ जोक.' तर ती बाई म्हणाली, 'नाऊ टेल इट अगेन, इन इंग्लिश.' नाही सांगितला त्यानं."

इन्ग्रिडनं काउंटरमागून बाहेर येऊन मिलिंदला मिठी मारली. तिचं वजन बघता तोच त्या दिवसातला सगळ्यात मोठा धोका होता. मी रडले. एरिकनं स्वतःची कॉफी त्याच्यापुढे सरकवली.

इथं गोष्ट संपवली तर तुम्हाला छान वाटेल. मलाही वाटलं असतं. पण ती संपली नाही. गॅलिससाहेबाला कुणी काही केलं नाही. त्याची फक्त खोली बदलली, म्हणे नवीन खोलीला खिडकी मोठी होती. आणि मिलिंदचं काम महिन्याभरात "संपलं". कागद थांबले. प्रज्ञाला नववा लागलेला. पोरगा सकाळपासून फोनला चिकटलेला, रेझ्युमे फॅक्स करतोय. इन्ग्रिड म्हणाली, मी त्याला इस्त्रीवाला म्हणून ठेवते. व्हिसा तसा चालत नाही हे तिला समजावताना माझा घसा बसला. शेवटी एका मित्राच्या ओळखीनं पिस्कॅटवेला नोकरी मिळाली, पण ग्रीन कार्डाची रांग पहिल्यापासून. भर थंडीत, तान्ही मुलगी घेऊन, न्यू जर्सीला.

जायच्या आधी प्रज्ञा एकटी दुकानात आली. कडेवर बाळ. माझ्याशी नेहमी लाडानं बोलणारी मुलगी, पण त्या दिवशी तिनं डोळ्याला डोळा दिला नाही. म्हणाली, "मावशी, एक तरी टाका सैल सोडला असता. तुम्ही खिसे शिवले आणि आमचं घर उसवलं."

मी म्हटलं, "त्यानंच सांगितलं होतं गं."

"तो काहीही सांगतो. तुम्ही मोठ्या होत्या ना?"

सूट न्यायला आली होती. मी कात्री घेऊन खिसे उसवायला बसले, तर म्हणाली, "नका उसवू. असेच राहू देत." का, ते तिनं सांगितलं नाही आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही. पुढे कित्येक दिवस मी खिसा शिवायला घेतला की तिचं वाक्य सुईत ओवलेलं असायचं. तो बोलला ते चांगलं झालं की वाईट? मी ह्यांना विचारायचे. हे म्हणायचे, "तू शिंपीण आहेस. न्यायाधीश कधी झालीस?"

मधल्या काळात म्हणीचं काय झालं तेही सांगते. उन्हाळ्यात स्वीडिश लोक खांबाला पानंफुलं बांधून नाचतात, तिथं इन्ग्रिड मला घेऊन गेली. जेवताना शेजारी एक अनोळखी म्हातारी. मी खिसे शिवते म्हटल्यावर ती सरसावून बसली. "मग तुला सांगते," म्हणाली, "आमच्यात एक म्हण आहे, खिशात मूठ वळणे. ती कुठून आली ठाऊक आहे? जुन्या काळी स्वीडनमध्ये बायका दिव्याशी बसून नवऱ्याचे खिसे शिवायच्या..." शब्दाला शब्द माझं! मी इन्ग्रिडकडे बघितलं. ती बटाट्यात तोंड घालून बसली होती. म्हातारी म्हणाली, "हे शेकडो वर्षांपासून सगळ्यांना माहीत आहे."

मी म्हटलं, "असं का!"

उगम-बिगम असेच लागतात, माझं मत झालंय. वर्ध्याच्या बाईनं शॉमबर्गमध्ये लावलेला शोध पुरातन स्वीडिश ठरला. खिशात मूठ वळून गप्प बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, पण माझ्या साडीला खिसाच नव्हता.

बऱ्याच वर्षांनी बुद्धजयंतीच्या कार्यक्रमाला मिलिंद, प्रज्ञा आणि मुलगी शॉमबर्गला आले. मुलगी आता शाळेत जाणारी, मला "हाय, सू आजी" म्हणाली. तंबी द्यायला मी तिथं नव्हते ना! कार्यक्रम झाल्यावर सगळे आमच्या घरी. प्रज्ञानं पिशवीतून एक पँट काढून माझ्या मांडीवर ठेवली. त्याच सूटची, कंबर जरा सैल केलेली.

"खिसा फाटलाय मावशी," ती म्हणाली. "बघा."

म्हणजे कुणीतरी उसवला होता तर, आणि परत फाटलाही. परत तेच? तिकडेही कुणी गॅलिसवाला भेटला? मी चष्मा लावला, हात आत घातला आणि खिसा उलटा केला. शिवण धड होती. तोंडाचे टाके धड होते. तळाच्या कोपऱ्यात, अगदी टोकाला, छोटं गोल भोक.

मी वर बघितलं.

"किल्ल्या ठेवतो गं तो यात?"

"हो ना," प्रज्ञा म्हणाली. "घर घेतलं आम्ही. दहादा सांगितलं, किल्ली खिशात ठेवू नको, तर ऐकत नाही. दिवसभर हात घालून चाचपत असतो, आहे ना, आहे ना!"

एवढं साधं, गरीब, फालतू भोक बघून मला कधी इतका आनंद झाला नव्हता. मी सुई ओवली. प्रज्ञा शेजारी सरकली आणि दिवा जरा माझ्याकडे वळवला.